वाळूचे पाय

"आधी स्वतः बसून बघ, मग गिऱ्हाइकाला बसव." खुर्च्या बनवणारे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचं हे सांगणं वहिनींच्या कानांत होतं. नणंदेच्या तर ते अंगातच मुरलं होतं. शिकून इंजिनियर झालेली ही मुलगी मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून वडिलांच्या दुकानामागच्या शेडमध्ये येऊन बसली होती आणि दिवसभर चाकांशी झटत होती. तिच्या सख्ख्या भावानं तिचं नाव 'चक्रम' ठेवलं होतं. वहिनींना ते आवडत नसे, पण हसू मात्र यायचं.

टेकडीवरच्या कठड्यावरून सगळं बंदर दिसायचं आणि ते बघायला लांबून माणसं यायची. वर जाणारा रस्ता ओबडधोबड दगडांचा होता. व्हीलचेअरची पुढची बारकी चाकं दगडांच्या फटींत रुतायची. मग घरचे सगळे वर जात आणि खुर्चीतलं माणूस खाली चहाच्या दुकानात त्यांच्या पिशव्या सांभाळत बसे.

"एवढ्या लांबून काय सामानाची राखण करायला येतात ती?" नणंद चिडून म्हणायची.

खुर्चीला पुढून जोडायचं मोठं चाक, म्हणजे जोडचाक, बाजारात मिळायचं; पण त्याच्या किमतीत नवी खुर्ची आली असती. म्हणून तिनं जुन्या सायकलचं चाक घेतलं आणि खुर्चीच्या पायटाला, म्हणजे पाय ठेवायच्या फळीला, अडकेल असा चिमटा घडवला. ते लावलं की बारकी चाकं अधांतरी उचलली जात आणि मोठं चाक दगडांवरून सहज चाले. उतारासाठी मागच्या मुठीला सायकलचाच ब्रेक होता. पाहुण्यांनी थोड्या भाड्यात न्यावं, फिरावं आणि परत आणून द्यावं, असा तिचा बेत. कितीतरी वेळा ती स्वतः खुर्चीत बसली आणि वहिनींनी तिला ढकललं.

"वहिनी, जरा जोरात! काचेचं कपाट नेताय का?"

"कपाट बरं, वन्सं. ते बोलत तरी नाही."

पहिल्या गिऱ्हाईक शेजारच्या विश्रामगृहात उतरलेल्या गाण्याच्या बाई. आजारपणात कमरेखालची शक्ती गेली, संवेदनाही गेली. तरी त्या एकट्या हिंडायच्या. चढ छान पार पडला. बाई गुणगुणत होत्या. कठड्याच्या अलीकडे रस्ता थोडा खाली उतरतो. तिथे वहिनींनी ब्रेक दाबला, खुर्ची थांबली आणि बाई मात्र पुढे घसरल्या. त्यांचा एक पाय पायटावरून सुटून दगडांवर घासला. वहिनींनी मागून खांदे घट्ट धरले, नणंदेनं पुढून आधार दिला. चपलेतून रक्त येत होतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. त्यांना कळलंच नव्हतं. तेच वहिनींच्या काळजात रुतलं.

खाली येऊन जखम धुतली, डॉक्टरांनी पट्टी बांधली. वरवरची निघाली. नणंद पांढरीफटक पडली होती. "मी स्वतः बसून बघितलं होतं हो," ती पुटपुटली. मग बोलता बोलता थबकली. "पण माझे पाय रेटा देत होते. मला न विचारता."

"पाय असेच असतात," बाई म्हणाल्या. "गेल्यावर कळतं, किती कामं मुकाट करायचे."

विश्रामगृहाचा मालक म्हणाला, "एवढ्याशा खरचटण्याचं काय घेऊन बसलात?" नणंदेनं स्टुलावर चढून 'जोडचाक भाड्यानं मिळेल' ही पाटी आपल्या हातांनी उतरवली. वहिनींना वाटलं, वर्षाची मेहनत अशी बिनतक्रार खाली उतरवायला केवढी छाती लागते!

"पुढच्या वर्षी या," नणंद बाईंना म्हणाली. "तोवर नीट करते."

"पुढच्या वर्षीचे वायदे मी आता घेत नाही, पोरी. उद्या दुपारी माझी गाडी आहे."

नणंदेची मान खाली गेली. वहिनी कधी पुढे होऊन बोलत नसत. आज बोलल्या. "उद्या सकाळी आम्ही दारात येऊ. खात्री पटल्याशिवाय तुम्हाला बसवणार नाही. पण येऊ."

संध्याकाळी नणंद म्हणाली, "मला रेटा न देणारे पाय हवेत." वहिनींनी नवऱ्याची जुनी पँट काढली, खालून शिवली, वाळूनं ठासून भरली आणि वर गोणीचं धड जोडलं.

"अगं, माझी पँट!"

"दादा, ओरडू नको. तुझ्यापेक्षा हीच शहाण्यासारखी बसलीये."

त्याच उतारावर वाळूचे पाय आधी तसेच घसरले. मग पोटऱ्यांमागे खाटेच्या नवारीची रुंद पट्टी आली, कमरेला पट्टा आला, आणि पुढची कड उंच असलेली उशी वहिनींनी मशीनवर शिवली. पुन्हा उतार, पुन्हा करकचून ब्रेक. पट्टी सैल पडली, तेव्हा नणंदेनं टाका उसवायला लावला. वहिनींनी तो उसवून पुन्हा घातला. शेवटी दादानंच खुर्ची दणादणा हलवली. पाय जागचे हलले नाहीत.

"चक्रम," तो हळूच म्हणाला. या वेळी वहिनींना ते नाव गोड लागलं.

सकाळी देवापुढे हात जोडून वहिनी बाहेर आल्या. नणंद आधीच चाकाला तेल देऊन उभी होती. वहिनींनी उशी काखेत धरली, पट्टा हातावर गुंडाळला आणि दोघी विश्रामगृहाच्या दिशेनं चालू लागल्या.