कॅनडातून निवेदन

ताईचं वर्क परमिट यावं म्हणून आमच्या घरात सगळ्यात जास्त देव मी पाण्यात घातले होते. मम्मीला वाटायचं, बहिणीवर किती माया. माया वगैरे ठीक आहे, पण खरं कारण माइक होता.

ताई म्हणजे सुकन्या. दोन वर्षांपूर्वी ती कॅनडाला शिकायला गेली. तोपर्यंत गावातलं प्रत्येक निवेदन तिचंच असायचं. शिवजयंती, पंधरा ऑगस्ट, यात्रेतला गुणगौरव, सगळं. ती गेली आणि माइक माझ्याकडे आला. पहिल्यांदा कागदात बघून बोलले. पुढच्या वर्षी आमदारांनी विचारलं, "ही मुलगी कुणाची?" आता मी नववीत आहे आणि घोडेगावच्या बाजारात गाय धरून उभा असलेला अनोळखी माणूससुद्धा म्हणतो, "ती निवेदनवाली ना तू?"

तरी प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणीतरी पाठ थोपटत म्हणायचंच, "छान बोलली. पन सुकन्याचा आवाज न्यारा हुता."

हा "पन" मी दोन वर्षं गिळतेय.

डिसेंबरात ताईचा कोर्स संपला. शिक्षण झाल्यावर तिथं राहून नोकरी करायची तर वेगळं परमिट लागतं. मिळालं तर तीन वर्षं, नाकारलं तर बॅग भरून घरी. अर्ज गेला आणि घरात वाट बघणं सुरू झालं. पप्पा डेअरीला दूध घालून आले की विचारायचे, "आलं का गं?"

झुंबर आत्या म्हणायची, "न्हाई आलं तर बरंच की. पोर घरी येईल, यात्रंला माइकवर उभी राहील."

"असं नको म्हणू आत्या, तिचं करिअर हाय," मी चहा गाळता गाळता म्हणायचे. मनात वेगळाच हिशोब चालू. तीन वर्षं म्हणजे माझी बारावी. तोवर माइक माझा, मग कुणालाही द्या.

यात्रेच्या आठवडाभर आधी परमिट आलं. पप्पांनी पेढे वाटले. मी ताईला स्क्रीनभर बदाम पाठवले, आणि अगदी मनापासून पाठवले.

संध्याकाळी यात्रा कमिटीचे काकासाहेब तात्या पेढा खायला आले. अर्धा पेढा तोंडात असतानाच पप्पांना म्हणाले, "वाल्मिक, पोरीनं नाव काढलं. यंदाचं निवेदन डायरेक्ट कॅनडातून करू. व्हिडिओ कॉल लावायचा, मोठ्या पडद्यावर सुकन्या. पंचक्रोशीत कुनी केलं न्हाई."

"मग मी?"

"तू फोन धर की, संस्कृती. तुझ्याइतका मोबाईल कुनाला कळतो?"

"तिला तिकडं ड्युटी असंल तात्या."

"आता परमिट आलंय. तिला कोन अडवतंय?"

परमिट म्हणजे सुट्टीचा पास नाही, हे मी समजावत होते, तेवढ्यात पप्पांनी कॉल लावलासुद्धा. आणि ताई काय म्हणाली? "करते की तात्या. दरवर्षीचंच ना? पाठ हाय मला."

यात्रेच्या संध्याकाळी मी स्टेजवर उभी. एका हातात पडद्याची वायर लावलेला फोन, दुसऱ्या हातात माइक, माइक फोनच्या तोंडाशी. मी स्टँड झाले होते. पडद्यावर ताई, टोपी घातलेली, दुकानाच्या मागच्या दाराशी, आजूबाजूला बर्फ. तिकडं सकाळ होती आणि तिची शिफ्ट सुरू व्हायची होती. ती बोलायला लागली आणि मैदान शांत झालं. रेवडीवाल्यानंसुद्धा तराजू खाली ठेवला. माझा हात दुखत होता, आणि नुसता हातच दुखत होता असं नाही.

मग ताई म्हणाली, "ज्यांच्या हातानं आपल्या यात्रेचा दिवा दरवर्षी लागतो, ते आपले लाडके रामहरी नाना. नाना, स्टेजवर या."

रामहरी नाना दिवाळीत गेले. ताईची परीक्षा होती म्हणून मम्मीनं तिला कळवू दिलं नव्हतं. मग परमिटचं टेन्शन, म्हणून परत नको. मग ते राहूनच गेलं.

मैदानात चुळबूळ सुरू झाली. पहिल्या रांगेत नानांच्या साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. पडद्यावर ताई हसत वाट बघत होती. "या नाना, सावकाश या."

खोटं कशाला सांगू, मला आधी बरं वाटलं. घ्या म्हटलं, तुमचा न्यारा आवाज. मग साळूबाईंकडे बघितलं आणि माइक माझ्या तोंडाशी ओढला.

"नाना आज आपल्यात नाहीत. पण त्यांचं नाव घेतल्याशिवाय आपला दिवा लागत नाही, म्हणून सुकन्याताईंनी पहिली हाक त्यांनाच दिली. नानांना वंदन करून मी साळूबाई आजींना विनंती करते, आजचा दिवा आपण लावावा."

आवाज जराही कापला नाही. आजी उठल्या, त्यांच्यामागे अख्खं मैदान उठलं.

फोनमधून बारीक आवाज आला, "संस्कृती, नाना कधी गं?" मी पडद्याची वायर उपटली आणि फोन छातीशी पालथा धरला. पडदा काळा झाला. पुढचं नाव मी घेतलं, आणि त्याच्या पुढची सगळी. आमदार उशिरा आले, दोन सत्कार मधेच वाढले, एक शाल हरवली. कुणाला काही कळलं नाही, इतकं मी ते सांभाळलं.

खाली उतरले तर झुंबर आत्या डोळे पुसत होती. "सुकन्याची कमाल हाय बया. एवढ्या लांबून पहिली आठवन नानांची काढली."

"आणि मी?"

"तू पन छान बोलली. पन तिनं रडवलं."

तात्या लांबूनच म्हणाले, "पुढल्या वर्षी पन कॅनडाच."

मी स्टेजच्या मागं जाऊन जनरेटरजवळ बसले. अशी जळत होते की बाजूला रॉकेल नव्हतं ते बरं. फोन बघितला तर कॉल चालूच.

"अजून हायेस तू?"

"हाय," ताई म्हणाली. नाक चोंदलेलं होतं. "घरचं मानूस गेलं म्हनून सांगितलं मॅनेजरला. अजून काय काय सांगितलं न्हाई मला?"

मी सांगत गेले. पुंजाराम मिस्त्री गेले. अंगददादाचं लग्न झालं, बायको पारनेरची. शाळेपुढचा लिंब पाडला. ती प्रत्येकाला नुसतं "व्हय?" म्हणत होती.

"तुला सगळ्यांचं माहिती असतं," ती शेवटी म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं. मला तो सूर लगेच ओळखू आला. "मी न्हाई करनार पुढल्या वर्षी. तूच कर. तात्यांना सांग."

"माझं ऐकतील होय ते? तू सांग."

"दे मग त्यांच्याकडं."

मी पळत स्टेजवर चढले. लोक अजून पांगले नव्हते आणि माइक चालू होता. मी आधी तो हातात घेतला, फोन त्याला लावला, आणि मगच तात्यांना हाक मारली.