मागच्या खोलीतलं बसणं

"सिस्टर, पाळीच्या दिवसांतसुद्धा तुम्ही चॅपलमध्ये जाता?"

हे विचारलंस तर चुरमुरीची पुडी माझ्याकडून, अशी पैज नागरत्नानं लावली होती. मी विचारलं! दहावीचा आख्खा वर्ग बाकांखाली तोंडं लपवून खिदळत होता आणि मी ताठ उभी.

सिस्टर आरोग्यमेरी आम्हाला नीतिशिक्षण शिकवतात. शाळा सुटली की त्या चॅपलमध्ये डोळे मिटून नुसत्या बसतात. हातात जपमाळ नाही, पुस्तक नाही. नागरत्ना म्हणते, झोपतात.

सिस्टर लाजल्या नाहीत. "जाते की. हे शरीर त्यानंच दिलं. तो स्वतः एका आईच्या पोटातून आला. त्याला किळस येईल?"

मी तर खाली बसायचंच विसरले. कारण सरस्वतीपुरमातल्या आमच्या घरी त्या दिवसांत मला मागच्या खोलीत बसवतात. चटई वेगळी, ताट वेगळं. देवघराकडं बघायचं नाही, देवाचं नाव तोंडात आणायचं नाही.

मधल्या सुटीत मी सिस्टरांना गाठलं. "पण तिथं बसून करता काय?"

"सुम्ने बसते," त्या म्हणाल्या. सुम्ने म्हणजे उगीच, गप्प, काही न मागता. "तो माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं."

"आणि काहीच वाटलं नाही तर?"

"कितीतरी वर्षं काहीच वाटलं नाही. भिंतीसमोर बसल्यासारखं. आमच्या म्हाताऱ्या मदर म्हणायच्या, भिंत सोडू नकोस. गोडी शोधत बसलीस तर गोडीचीच भक्त होशील, देवाची नाही."

पुढच्याच आठवड्यात माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. मी भिंतीकडं तोंड करून बसले. आधी चुरमुरी आठवली, मग बीजगणित, मग नागरत्नाचे नवे कानातले. गोडीबिडी काही नाही, पायाला मुंग्या तेवढ्या आल्या. तरी उठले नाही. आणि एकदम लक्षात आलं, मी एकही नियम मोडलेला नाही! नाव घेतलं नाही, श्लोक म्हटला नाही, कशाला शिवले नाही. तरी मी देवापाशी होते. मला इथून बाहेर काढणार कोण?

दारात अम्मा. "वेदा, काय गं करतेस?"

"सुम्ने बसलेय."

"देवाचं नाव घेतलंस?"

"नाही."

"मग डोळे का मिटलेस?"

"तो बघतोय म्हणून."

"अय्यो! अहो, ऐकलंत का?"

अण्णा आले. आमच्या सोसलेच्या मठात ज्यांचा शब्द चालतो ते माझे वडील, पण खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. "हे त्या सिस्टरनं शिकवलं? उद्या गळ्यात क्रॉस घालून येशील. शाळाच बदलतो."

"क्रॉस नाही घालणार, अण्णा. मला आपलाच कृष्ण हवा आहे. तुम्हीच त्याला माझ्यापासून लांब ठेवलंय."

"तोंड बघा हिचं! अगं, तुझी आजी बसली, तुझी अम्मा बसते—"

"अम्माला विचारलंय कधी, इथं बसून तिला काय वाटतं?"

अण्णांनी अम्माकडं पाहिलं. अम्मा माझ्या वेगळ्या ताटाकडं बघत राहिली. मला 'गप्प बस' म्हणाली नाही. एरवी पहिलं तेच म्हणते.

मी उठले. चटई गुंडाळून काखेत मारली. अण्णा अंग चोरून बाजूला झाले, त्यांच्याजवळून उंबरा ओलांडला आणि थेट देवघरासमोर चटई अंथरली.

"शाळा बदला हवी तर," मी म्हटलं, "हे बसणं बदलणार नाही. कशाला शिवणार नाही, काही म्हणणार नाही. पण रोज इथं बसणार, याही दिवसांत. मागच्या खोलीत परत जाणार नाही. आणि अम्मा, आज माझं पान तुमच्या पंगतीत वाढ."