गुंजनगिरी महाराजांचा ओंकार

वरकुट्याच्या देवळात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. भजन नाही, कीर्तन नाही, माईकवर कुणी बोलतही नव्हतं. तरी दोन्ही स्पीकरांतून 'हूंऽऽऽ' असा जाड, अखंड घोष उमटत होता आणि माणसं डोळे मिटून डोलत होती.

"ऐका! ब्रह्मांडाच्या बेंबीतून आलेला ओंकार!" गुंजनगिरी महाराज गरजले. "हा विजेवर चालत नाही, बाळांनो!"

स्पीकरची पिन भिंतीवरच्या बोर्डात खोचलेली सगळ्यांना दिसत होती. पण श्रद्धेपुढं पिनेची काय कथा?

महाराजांच्या माईकची वायर भगव्या कापडात गुंडाळलेली होती. त्यांनी माईक मुठीत धरला. घोष विरला. मूठ सोडली, घोष पुन्हा सुरू. "पाहिलंत? नाद माझ्यात शिरतो. दुसऱ्यानं हात लावला तर भस्म होईल!"

गर्दीनं जयजयकार केला आणि दोन पावलं मागं सरली.

खांबाशी उभ्या वैदेहीला हसावं की रडावं कळेना. ती बारामतीत गाण्याचे वर्ग घ्यायची, गावोगाव कार्यक्रम करायची. हा ओंकार तिच्या चांगल्या ओळखीचा होता. एका लग्नाच्या हॉलात त्यानं तिच्या भैरवीचा पार चुथडा केला होता. पण आज ती आली होती मावशीसाठी. कुशाबाईंना शुगर होती, अंगठ्याला जखम होती आणि महाराज गावात आल्यापासून इन्सुलिन बंद होतं.

"मावशी, अंगठा काळा पडलाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"न्हाय गं. म्हाराज म्हणलं, सुई टोचली की ओंकार गळून जातो. पाय स्पीकरम्होरं धरायचा. बग, आता दुखतबी न्हाय."

शुगर असताना जखम न दुखणं हीच तर धोक्याची खूण, हे वैदेहीला माहीत होतं. तिनं मावशीच्या नवऱ्याकडं, गेणबांकडं पाहिलं. ते देवळाच्या कमिटीत होते. "सगळं गाव मानतंय, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "मी एकट्यानं कसं न्हाय म्हणू?"

वैदेही तडक पुढं गेली.

"थांब! भस्म होशील!"

"होऊ द्या. मावशीचा पाय जाण्याआधी मी जाते."

कधी कधी माईकमध्ये खरंच करंट उतरतो, म्हणून तिनं आधी पर्समधला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. मग तिनं माईक धरला. घोष विरला!

"महाराज, नाद माझ्यातही शिरला वाटतं."

"ही... ही पूर्वजन्मीची योगिनी आहे!" महाराजांनी जागच्या जागी पदवी बहाल केली.

"काका, आता तुम्ही या."

गेणबांनी बायकोच्या पायाकडं पाहिलं आणि माईकला हात लावला. घोष विरला.

"आयला! आन् मी तर तंबाकू खातोय, म्हाराज!"

देऊळ हास्यानं दणाणलं. मग रांगच लागली. बघता बघता अर्धं वरकुटं योगी झालं.

वैदेहीनं भगवं कापड सोडलं आणि माईकच्या वायरीच्या टोकाची पिन उघडली. "या वायरीत आतल्या तारांभोवती जाळी असते. आसपासच्या विजेची घरघर ती अडवते आणि जमिनीकडं वळवते. इथं ती जाळी मुद्दाम कापलीय. त्यामुळं घरघर सरळ स्पीकरमध्ये जाते. माईक हातात धरला की जाळीचं काम थोडंफार आपलं अंग करतं. माझं, काकांचं, कुणाचंही!"

गेणबांनी कपाटातली देवळाची धड वायर काढून दिली आणि तिनं ती जोडली. स्पीकर गप्प झाले.

"ही कापलेली वायर कुणाची?" गेणबांनी विचारलं. "आमच्या देवळाची न्हाय ही."

"गुरूंचा प्रसाद..."

"गुरू वायरमन हुते का?" मागून कुणीतरी ओरडलं. महाराज मागच्या दारानं निघाले, पण तिथं गर्दी आधीच वळून उभी होती. पोलीस येईपर्यंत लोकांनी त्यांना ओट्यावरून हलू दिलं नाही.

या गोंधळात कुशाबाई स्पीकरपुढं तशाच बसल्या होत्या. "म्हंजी माझा पाय बरा व्हत न्हवता?"

"नाही गं, मावशी."

कुशाबाईंनी स्पीकरपुढचा पाय मागं घेतला. गेणबांनी त्यांना उचलूनच जीपमध्ये घातलं.

इंदापूरच्या डॉक्टरांनी पाय वाचवला. अंगठा मात्र काढावा लागला. भेटायला आलेल्या बायकांना कुशाबाई खाटेवरून सांगायच्या, "चमत्कार बगायला जरूर जावा, बायांनो. पर 'ह्ये कसं व्हतं' इतकं इचारल्याबिगर माघारी येऊ नगा. इचारल्यानं द्येव रागवत न्हाय. मी इचारलं न्हाय, तर बगा काय झालं."

आणि पांघरूण सारून त्या पाय दाखवायच्या.