आजोळी पाठवा

दीक्षा मांडीवर झोपली की मी भाषांतराला बसते. बाळाच्या लसींची आठवण करून देणारं एक फुकटचं ॲप आहे. आमच्यासारखी हौशी माणसंच ते आपापल्या भाषेत आणतात. मराठीचं निम्मं काम मी इथं उमरग्यात बसून उरकलं, ते माकणीच्या नणंदेसाठी. पौर्णिमा बाळंत झाल्यापासून रोज इंग्रजी पडद्याचा फोटो पाठवते आणि फोन करून विचारते, "वहिनी, आता काय दाबू?"

त्या दिवशी संध्याकाळी मुदत संपत होती. एक जरी वाक्य राहिलं, तर मराठी या खेपेला ॲपमध्ये जाणार नव्हती. आणि राहिलं होतं नेमकं चुकून भरलेली बाळाची नोंद काढायचं बटण. इंग्रजीत 'डिलीट चाइल्ड', म्हणजे सरळ 'बाळ काढून टाका'.

लेक मांडीवर असताना हे लिहू? मी लिहिलं, 'बाळाला आजोळी पाठवा'.

आमचं काम तपासणाऱ्या शिवरंजनीताईंचा पुण्याहून लगेच संदेश आला. "लोकांना वाटेल, माहिती आजीच्या फोनवर गेली."

सासूबाई शेजारीच शेंगा फोडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"आगं, आपण बुद्धाची माणसं. लिवल्यानं काय व्हतंय? आन तू तर बी.ए. झालेली."

"बी.एस्सी.," मी म्हणाले. "तरी हात धजत नाही, आई."

"बी.एस्सी. व्हय? मग लईच अवघड हाय." त्यांनी टरफलं झटकली आणि दीक्षाला उचललं. "हिला अंगणात नेते. तवर काय ते लिव."

त्या उंबऱ्याबाहेर गेल्याचं बघितलं आणि मगच टाइप केलं, 'या बाळाची माहिती काढून टाका'.

मंजूर झालं. खाली शिवरंजनीताईंनी लिहिलं होतं, "बरं झालं तुम्ही केलंत. हे वाक्य आधी माझ्याच वाट्याला होतं. मला सातवा चालू आहे. रोज उद्यावर ढकलत होते."

मी एकटीच हसत अंगणात गेले. "झालं, आई. आता पौर्णिमाला सगळं मराठीत दिसेल. काही विचारायला नको."

सासूबाई दीक्षाला थोपटायच्या थांबल्या.

"मग ती फोन कशापायी करंल?"