न बिघडलेला पंप

खोटं बोलायला डोकं लागतं म्हणतात. दाजींना तेवढंही लागलं नाही. सकाळी बाजारातून आल्यावर गाडीखाली पाण्याचे चार थेंब पडलेले दिसले, बायकोनं सहज विचारलं, "हे काय हो गळतंय?" आणि दाजींच्या तोंडून निघून गेलं, "वॉटर पंप गेला. आता ही गाडी लांबच्या प्रवासाची नाही."

ते थेंब एसीचे होते. उन्हात एसी लावून गाडी आणली की खाली पाणी टपकतं, यात नवल ते काय? पंप गळला असता तर इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट गळलं असतं, आणि हे तर नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. पण ताईंनी, म्हणजे बायकोनं, नुसती मान हलवली आणि त्या आत गेल्या. दाजींना वाटलं, सुटलो!

सुटायचं कशातून, तर लेकीकडे जाण्यातून. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी परवा सकाळी ऑपरेशन ठरवलेलं. उद्या पहाटे दोघांनी गाडीनं निघायचं, हे ताईंनी परस्पर ठरवलेलं. दाजी त्यावर फक्त 'हं' म्हणाले होते. कारण लेकीनं स्वतः जमवलेल्या लग्नाच्या दिवशी, सह्या करायच्या टेबलापाशी, चारचौघांत हाच माणूस लेकीला म्हणाला होता, "दोन महिन्यांत रडत परत येशील, लिहून ठेव." त्याला तीन वर्षं झाली. लेक रडली नाही की परत आली नाही. उलट जावई असा निघाला की दर रविवारी न चुकता फोन करून विचारणार, "बाबा, तब्येत कशी आहे?" त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. दाजींचा राग केव्हाच विरून गेला होता. उरली होती ती लाज. राग आला तर माणूस ओरडून मोकळा होतो, पण लाजेचं काय करायचं? ती घेऊन जावयाच्या घरात चहा कसा प्यायचा? त्यापेक्षा बरं ना, पंप बिघडला, सुट्टी म्हणून गॅरेज बंद, ताई बसनं जातील, आपण घर राखू.

पण माणूस ठरवतो एक आणि मेहुणा करतो भलतंच.

दुपारी जेवून दाजी जरा कुठे आडवे होतात, तोच दारात स्कूटरचा आवाज झाला. ताईंचा धाकटा भाऊ. गळका नळ, बंद पंखा, अडलेलं शिलाई मशीन, शेजाऱ्यांचं भांडण, काहीही असो, हा सगळ्यांच्या आधी उघडायला हजर. म्हणून घरात त्याला खटपट्याच म्हणत. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात नवाकोरा पंप, खोक्यासकट.

"उठा दाजी! ताईनं फोन केला. गॅरेज बंद असलं म्हणून काय झालं, मी मेलोय का? घरच्या घरी बदलू. संध्याकाळच्या चहाला गाडी तयार!"

"अरे, तू कशाला उगाच त्रास..."

"त्रास कसला? माझ्या भाचीचं पहिलं बाळ, आणि तुम्ही पंपावाचून अडून बसणार? शोभतं का तुम्हाला?"

झालं. दाजींनी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. आता 'पंप बरा आहे' म्हणायची सोय नव्हती आणि 'राहू दे' म्हणायलाही कारण सापडत नव्हतं. तरी त्यांनी प्रयत्न केला. "इंजिन गरम असेल रे, भाजेल."

"सकाळपासून उभी आहे गाडी. हात लावून बघा, गार दगड."

"मग ऊन तरी उतरू दे."

"ऊन तुमच्या डोक्यात शिरलंय," खटपट्या म्हणाला आणि त्यानं बॉनेट उघडलंसुद्धा.

पुढचा तासभर दाजी एका जागी ठरले नाहीत. आत जाऊन पाणी पिऊन आले. फडकं आणायला म्हणून गेले आणि रिकाम्या हातानं परतले. खटपट्यानं गाडीखाली जुना टब सरकवून कूलंट उतरवलं, हिरवी धार टबात पडू लागली, आणि दाजींना वाटलं, आपलंच काहीतरी वाहून चाललंय. त्यानं पट्टा सैल करून काढला, कप्पी काढली, मग पंपाचे बोल्ट. शेवटी हातोडीच्या दांड्यानं एक हलकी थाप देऊन पंप मोकळा केला. इंजिनला जिथं पंप होता तिथं आता एक काळं भोक होतं.

खटपट्यानं पंप हातात घेतला. बोटानं गरकन फिरवला. आवाज नाही. दांडा हलवून पाहिला. अजिबात ढिला नाही. उलटा करून पाहिला. खालून कोरडा ठणठणीत. मग त्यानं दाजींकडे पाहिलं. दाजींनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"दाजी, हा तर..."

"आतून गेलाय," दाजी घाईघाईनं म्हणाले.

"आतून?"

"आतून."

हा माणूस खटपट्या होता, खुळा नव्हता. "असेल," तो म्हणाला. "आतलं कुणाला दिसतं?" त्यानं पंप वर्तमानपत्रावर ठेवला आणि पाठ करून इंजिनवर चिकटलेलं सांध्याचं जुनं गॅस्केट खरवडायला बसला. पाठ करून बसला, हे दाजींना जास्तच झोंबलं.

अर्ध्या तासात हा नवा पंप बसवणार. मग गाडी सुरू होणार. मग पहाट होणार आणि आपण जावयाच्या दारात उभे असणार. पेटीच्या झाकणावर बोल्ट आवळायचा दहा नंबरचा सॉकेट होता. पंपाचे सगळे बोल्ट दहाचेच. दाजींचा हात दाजींना न विचारता पुढे गेला आणि सॉकेट त्यांच्या पँटच्या खिशात जाऊन पडला. साठी ओलांडलेला माणूस, स्वतःच्याच अंगणात सॉकेट चोरतोय! कुणी पाहिलं असतं तर दाजी तिथल्या तिथे मेले असते.

"अरे, दहाचा कुठं गेला?" खटपट्यानं पेटी उलटी केली. गाडीखाली घुसला. टबात हात घालून पाहिला, कोपरापर्यंत हिरवा झाला. "आत्ता तर होता इथं! काखेत कळसा अन् गावाला वळसा असं होणार बघा, इथंच कुठंतरी असणार."

चोराच्या मनात चांदणं. दाजींचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. "सुताराकडे असेल बघ," ते म्हणाले. "कोपऱ्यावरच्या. तो असलं सगळं ठेवतो."

"आणतो," म्हणून खटपट्यानं स्कूटर काढली. सुताराकडे नसेल तर तो पुढे कुठे कुठे जाईल याचा नेम नव्हता. दाजी अंगणात एकटे उरले. गाडी उघडी, टब भरलेला, पंप वर्तमानपत्रावर. जिवाला स्वस्थता म्हणून नाही. ते गाडीभोवती फेऱ्या घालू लागले.

ताई बाहेर आल्या त्या पळतच. हातात फोन, दुसऱ्या हातात अर्धवट भरलेली बॅग, पायात चप्पलसुद्धा नाही.

"जावयांचा फोन होता. तिचं बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणतात परवापर्यंत थांबता येणार नाही. आज संध्याकाळीच ऑपरेशन." त्यांचा आवाज चिरकला. "निघायला हवं. आत्ताच्या आत्ता."

दाजींनी गाडीकडे पाहिलं. इंजिनला भोक पडलेली गाडी.

"बस?" ते म्हणाले.

"शेवटची दुपारची होती. गेली. भाड्याच्या गाडीवाल्यालाही फोन केला, आज एकही मोकळी नाही, सकाळी पाठवतो म्हणतो. सकाळी येऊन काय करू मी?" ताईंनी इकडे तिकडे पाहिलं. "हा कुठं गेला?"

"सॉकेट आणायला."

"कुठला?"

दाजींनी खिशात हात घातला आणि सॉकेट बाहेर काढला. दुपारच्या उन्हात तो असा चकाकला की विचारू नका. ताईंनी सॉकेटकडे पाहिलं, मग दाजींच्या तोंडाकडे. दाजींना वाटलं, आता बोलेल. घालून पाडून बोलेल, आणि बोलावंच तिनं. ताईंनी बॅग पायरीवर ठेवली.

"मी काय धरू ते सांगा," त्या म्हणाल्या.

दाजी कामाला लागले. इंजिनची जागा फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली. नवं गॅस्केट ठेवलं, पंप टेकवला. ताईंनी दोन्ही हातांनी तो दाबून धरला. एकेक बोल्ट आधी बोटानं, मग सॉकेटनं, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत. "हळू," ताई म्हणाल्या. "घाई करून आटे घालवलेत तर बसा मग." दाजींनी श्वास घेतला आणि हळू आवळले. घाम डोळ्यांत जात होता. तो घामच होता असं मी छातीठोक सांगणार नाही.

खटपट्या परत आला, हातात मागून आणलेला सॉकेट. "दोन घरं फिरलो तेव्हा... अरेच्चा! सापडला? कुठं होता?"

"माझ्या खिशात," दाजी म्हणाले. "मीच ठेवला होता."

खटपट्यानं बहिणीकडे पाहिलं. ताईंनी दोन वाक्यांत फोनचं सांगितलं. "सरका दाजी," तो म्हणाला, "पट्टा मी चढवतो."

पट्टा चढला. कूलंट भरलं. गाडी सुरू झाली. दाजी लगेच बॉनेट पाडायला निघाले तर खटपट्यानं त्यांचा हात धरला. "आत हवा अडकलीय. रेडिएटरचं टोपण उघडं ठेवून गरम होऊ द्यायची, बुडबुडे थांबेपर्यंत. नाहीतर वाटेत तापेल आणि माळावर बसाल तिघं. तुम्ही, ताई आणि तुमचा नवा पंप."

आता काही करता येत नव्हतं. इंजिन घुरघुरत होतं आणि एकेक बुडबुडा निवांत वर येत होता. एक फुटला की दाजींना वाटायचं हा शेवटचा, की दुसरा आलाच. ते इकडून तिकडे जात होते, पुन्हा येऊन वाकून पाहत होते. शेवटी ते ताईंसमोर येऊन थांबले.

"पंप चांगला होता," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"काय?"

"सकाळीच पाणी बोटावर घेऊन पाहिलं मी. कूलंट चिकट लागतं. म्हणूनच तर याला बोलावलं. म्हटलं, पेटी उघडली की तुम्हीच म्हणाल, बाई गं, खोटं बोललो, चल जाऊ." ताईंचे डोळे भरून आले. "मला काय माहीत, तुम्ही अख्खा पंप काढू द्याल! सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. आणि मीही शहाणीच, गप्प बसले. माझी पोर तिकडे एकटी आहे हो."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी नाव पाहिलं, उचलला आणि दाजींचे हात काळे म्हणून तो सरळ त्यांच्या कानाला लावून धरला.

"आई, निघालात का? मला आत नेतायत."

"मी बोलतोय," दाजी म्हणाले.



"बाबा? गाडी चालू झाली? आई म्हणाली पंप गेलाय."

"नव्हता गेला. मी खोटं बोललो. तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती गं. त्या दिवशी मी जे बोललो, ते..."

"बाबा, ते सगळं नंतर," लेक म्हणाली. "मला भीती वाटतेय. तुम्ही आधी निघा ना." आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं.

खरं सांगायचं तर एके काळी दाजींना हेच ऐकायचं होतं. लेक रडतेय, आपलं खरं झालंय. आता ऐकलं, आणि आपण इतकी वर्षं कशाची वाट पाहत होतो ते त्यांना कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"दाजी, थांबले बुडबुडे," खटपट्या म्हणाला. त्यानं टोपण बसवलं, बॉनेट पाडलं आणि कूलंटचा उरलेला कॅन मागे टाकला.

"निघालो बघ," दाजी फोनमध्ये म्हणाले. "रडू नकोस. आणि हे बघ, त्यांना दे जरा."

"कुणाला?"

"जावयांना."

थोडी खुडबुड झाली. "बोला, बाबा," तोच तो रविवारचा आवाज, आज जरा कापरा.

इतक्या रविवारी 'बरी आहे' या दोन शब्दांपलीकडे दाजी या माणसाशी बोललेच नव्हते.

"आम्ही पोचेपर्यंत तुम्हीच आहात तिथं," ते म्हणाले. "आत येऊ देत असतील तर तिचा हात सोडू नका."

"नाही सोडत, बाबा. तुम्ही सावकाश या."

"सावकाश कसला येतोय," दाजी म्हणाले, आणि काळ्या हातांनीच त्यांनी गाडीचं दार उघडलं.