दहा मिनिटांचा दोर

सगळं ऑफिस तिला ताई म्हणायचं, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला गेटवरचा पहारेकरीसुद्धा. कंपनीच्या बारा शाखांचं नेटवर्क गेली वीस वर्षं तिच्या हाताखाली होतं. इंटरनेट बंद पडलं की लोक देवाच्या आधी ताईला हाक मारत, आणि चालू झालं की दोघांनाही विसरत.

आता तिची सर्व्हर रूम रिकामी होत चालली होती. कंपनीचं सगळं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतल्या भाड्याच्या मशीनवर निघालं होतं. मशीनचे रॅक घरघरत असायचे तिथे फरशीवर चौकोनी डाग उरले होते. टीममधल्या पाचजणांपैकी नव्या कामावर तिघंच राहणार, हे उघड होतं. क्लाउडसाठी नव्याने आलेल्या मॅडमनी सांगून टाकलं होतं की गुरुवारी एकेकाने त्यांच्यासमोर बसून काम करून दाखवायचं. मॅडम ताईपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्या चांगल्या होत्या, हीच पंचाईत होती. रागवायलाही जागा नव्हती.

तीन महिने ताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकत होती. लेक कॉलेजातून आली की प्रश्न विचारायची आणि "आई, परत चुकलीस" असं इतक्या चवीने म्हणायची, की दहावीच्या वर्षी आईने घेतलेल्या अभ्यासाचं सगळं उट्टं निघालं.

शिकायची भीती ताईला नव्हती. ती मुळात रिसेप्शनवर फोन घ्यायला म्हणून नोकरीला लागलेली बाई. दोन फोनांच्या मधे ती मशीनचं जाडजूड पुस्तक वाचताना मास्तरांना सापडली. मास्तर म्हणजे तेव्हाचे नेटवर्कचे साहेब. शिकवायचे म्हणून मास्तर. हिच्याकडे ना पदवी, ना ओळख. त्यांनी एवढंच विचारलं, "कळतंय का?" ती म्हणाली, अर्धं. "मग उरलेलं मी सांगतो," म्हणाले, आणि पुढची सात वर्षं सांगत राहिले.

गुरुवारी जेवणानंतर काचेच्या छोट्या खोलीत तिचा नंबर लागला. काम साधं होतं. एका शाखेतून क्लाउडमध्ये शिरायच्या दारावर कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, याची यादी असते. यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम आधी लागू पडेल तो चालतो. ती यादी बदलायची. गंमत अशी की ताईचा लॅपटॉपही त्याच दारातून आत गेलेला होता.

यादीला हात लावण्याआधी तिने चार ओळी वेगळ्याच लिहिल्या. मॅडमनी चष्मा सावरत विचारलं, हे कशाला? सवय आहे, ताई म्हणाली आणि कामाला लागली.

बोटांना घाम आला होता. 'बाकी सगळ्यांना बंद' ही शेवटची ओळ तिच्या हातून वर गेली, तिला स्वतःला आत घेणारी ओळ खाली राहिली. तिने सेव्ह केलं. लॅपटॉपचा पडदा जागच्या जागी गोठला. घराला कुलूप घालून किल्ली आत विसरावी, तसं.

वीस वर्षं कामात मुरलेली बाई, आणि चूक नवशिक्याची. तिची कानशिलं तापली. मॅडमनी लगेच स्वतःचा लॅपटॉप ओढला. त्यांच्या मुख्य खात्यातून दार उघडता आलं असतं.

"नको मॅडम," ताई म्हणाली. "सात मिनिटं थांबा."

"सात मिनिटांनी काय होणार?"

"जुनी यादी आपोआप परत येईल. आधीच दहा मिनिटांचं लावून ठेवलंय, त्यातली तीन गेली."

मग त्या सात मिनिटांत तिने मास्तरांचं सांगितलं. लांबच्या शाखेतल्या मशीनला हात लावायच्या आधी मास्तर त्याला बजावून ठेवायला लावत: दहा मिनिटांत मी 'सगळं ठीक' म्हटलं नाही, तर पहिल्यासारखं हो. मशीनं बदलली, पण परतीचा दोर बांधल्याशिवाय ताईचा हात अजून पुढे जात नव्हता. क्लाउडमध्ये हे कसं करायचं, ते तिने स्वतःच शोधून काढलं होतं.

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मागच्या नोकरीत मी असंच दार लावून घेतलं होतं. मुख्य खातंही बाहेरच अडकलं. चार तास. मला कुणी हे शिकवलं नव्हतं."

पडदा हलला. यादी परत आली. ताईने दोर पुन्हा बांधला, ओळी नीट लावल्या, दोन मिनिटांत काम संपवलं. चुकीबद्दल मॅडमनी कागदावर लिहिलंच, ताईला उलटं वाचता आलं. पण त्याखाली लिहिलं होतं: 'हे सगळ्यांना शिकवायचं. ताई शिकवतील.'

शुक्रवारी तिघांच्या यादीत तिचं नाव लागलं; शनिवारी ती मास्तरांकडे गेली. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून तिने सगळं दोनदा सांगितलं. नोकरी राहिल्याचं तीनदा. तुमच्यामुळे राहिली, हे एकदाच, पण मोठ्याने.

मास्तरांनी खुर्ची तिच्या जवळ सरकवली.

"काम झाल्यावर दोर सोडलास ना?" त्यांनी विचारलं. पहिल्या वर्षी ती 'सगळं ठीक' सांगून दोर सोडायला विसरली होती, मशीन जुन्यावर परत गेलं, आणि भर दुपारी अख्खी शाखा बंद पडली होती. ते विसरले नव्हते.

"सोडला," ताई म्हणाली. "दोनदा बघितलं."

"मग ठीक," म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा टाकायला स्वतः उठले.