शिशाच्या पट्टीखालचं नाव

गोल्फचं सामान बनवणाऱ्या कंपनीने करार वाढवला नाही, तेव्हापासून तो भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवायचा, "मी आता मोकळा आहे." जणू कंपनी याच्या मागे लागली होती आणि यानेच तिला वाटेला लावलं. खरं तर कंपनीने एका फोनवर त्याला नारळ दिला होता. बरोबरचे खेळाडू काय कमी? त्यांनी लगेच त्याचं नाव मोकळेबुवा पाडलं.

मोकळेपणाचा एक फायदा मात्र खरा होता. करारातल्या गोल्फ खेळाडूला कंपनी देईल त्याच क्लबने, म्हणजे बॉल मारायच्या काठीने, खेळावं लागतं, मग तो हातात बसो न बसो. याच्या बॅगेत आता चार घरचे पाहुणे एकत्र नांदत होते. लांब मारायचा क्लब एका कंपनीचा, वाळूतून बॉल काढायचा दुसऱ्याच कंपनीचा. बॉल हलकेच घरंगळवत होलमध्ये घालायचा पटर मात्र कुठल्याच कंपनीचा नव्हता. तो ताईचा होता.

ताई स्वतः स्पर्धा खेळायची, मनगट कामातून जाईपर्यंत. पटर तिने एका कारागिराकडून आपल्या मापाने घडवून घेतला होता, आणि बाबांनी त्याच्या पाठीवर तिचं घरचं नाव कोरून, लाल रंग भरून आणलं होतं : चिमी. आईबाबा गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. करार गेला त्याच आठवड्यात ताईने तो पटर भावाच्या हातात ठेवला. "आता हाच वापर, तोच वापर म्हणणारं कोणी नाही ना? मग ज्याने बॉल पडतोय त्याने खेळ."

आणि बॉल पडायला लागले. पण चांगल्या दाढीमिशीवाल्या गड्याने 'चिमी' हातात धरून हिरवळीवर उभं राहायचं, म्हणजे टवाळांना आयतंच सापडलं असतं. त्याने नावावर शिशाची पट्टी चिकटवून टाकली. वजन वाढवायला खेळाडू अशी पट्टी लावतातच, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

चार दिवसांच्या एका स्पर्धेत तिसऱ्या दिवसाअखेर तो सगळ्यांच्या पुढे होता. टीव्हीचा निवेदक माइक घेऊन आला, आणि इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने पटरकडे बोट दाखवलं. "हा कुठल्या कंपनीचा?"

"कुठल्याच नाही. जुन्या सामानात पडला होता. उचलला झालं," तो ऐटीत म्हणाला. "मी मोकळा माणूस."

निवेदक हसला. तोही हसला, आणि हसता हसता त्याची नजर प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे गेली. ताई तिथेच उभी होती, त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. बाटली त्याच्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "ऊन फार आहे, पी आधी." तिने चारचौघांत कान उपटले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी सरावाच्या हिरवळीवर तो तिच्यासमोर तोंड लपवत उभा होता. "ताई, ते मघाशी..."

"दे इकडे," म्हणत तिने पटर घेतला आणि बॉल घरंगळवला. मग पटर उलटा केला. पट्टीवरून तिचा अंगठा फिरला. "ही कशाला?"

"वजनाला."

"माझ्या नावाचं एवढं ओझं झालं होय तुला?" ती हसत म्हणाली. ते हसूच त्याला झोंबलं. त्याने पटर ओढून घेतला आणि नखाने पट्टीचा कोपरा उचकटायला लागला, तसा तिने हातावर चापट मारली.

"डोकं फिरलंय का तुझं? याच वजनाने बॉल पडतायत. पडतायत तोवर काही हलवायचं नसतं, एवढंही कळत नाही? उद्या शेवटचा दिवस. असू दे झाकलेलं."

ती खेळाडू होती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. त्याने ऐकलं. खरं सांगायचं तर त्याला ऐकायचंच होतं, कारण जिंकायचंही होतं. या गोष्टीची लाज त्याला पहिल्या लाजेहून जास्त वाटली. दुसऱ्या दिवशी लांबलांबचे बॉल होलमध्ये जात राहिले, लोक टाळ्या वाजवत राहिले आणि हा चोरासारखी मान खाली घालून पुढे चालत राहिला. शेवटच्या होलला त्याचा पहिलाच फटका झाडीत गेला आणि तो दुसरा आला. त्यात पटरचा काही दोष नव्हता.

विजेत्याला यायला वेळ होता, म्हणून निवेदक याच्याकडेच वळला. आजूबाजूला चारपाच खेळाडू रेंगाळत होते. "जुन्या सामानातल्या पटरने कमाल केली," निवेदक म्हणाला.

"जुन्या सामानातला नाही. काल मी खोटं बोललो. माझ्या बहिणीचा आहे. कंपनीने मला काढून टाकलं, तेव्हा तिने दिला." असं म्हणत त्याने पट्टी खर्रकन ओढून काढली. डिंकाबरोबर लाल रंगही निघून आला. खाली नुसते फिकट चरे राहिले.

निवेदक वाकला. "काही लिहिलंय वाटतं. चि... पुढचं लागत नाही."

"चिमी," तो पुटपुटला.

"आवाज येत नाहीये. जरा मोठ्याने."

मोठ्या बहिणीला त्या नावाने त्याने जन्मात हाक मारली नव्हती. त्याचे कान तापले. रेंगाळणारे खेळाडू आता थांबून बघत होते. त्याने हातातली चुरगळलेली पट्टी मुठीत दाबली आणि घरात या खोलीतून त्या खोलीत हाक मारावी तसा मोठ्याने म्हणाला, "चिमी!"

दोरीपलीकडून ताईने सवयीने ओ दिली.